बारा मिलिमीटर

दूध घ्यायला दार उघडलं तर कडीत चिठ्ठी खोचलेली. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांचं मोत्यासारखं अक्षर: ‘आपल्याकडे रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काहीतरी पडते. तक्रार नाही. काय पडते, एवढेच कुतूहल.’ चिठ्ठी हातात घेऊन ती उंबऱ्यातच उभी राहिली. तक्रार केली असती तर बरं झालं असतं. तक्रारीशी भांडता येतं, निदान तोंड वाकडं करून माफी तरी मागता येते. कुतूहलाचं काय करायचं? काही पडत नाही हो, असं जिन्यातून खाली ओरडून सांगावं असं तिला वाटलं. पडत नाही, आदळतं. आणि रोज एकदाच नाही, चार वेळा आदळतं. पहिल्या वेळी तुम्हाला जाग येते म्हणून तेवढंच लक्षात राहतं. म्हणजे तीन वर्षं हा सभ्य माणूस खाली पडून छताकडे बघत विचार करतोय, आणि आपण वर आपल्याच तंद्रीत. तिला इतकी लाज वाटली की तिने दूध बाहेरच ठेवून दार लावून घेतलं, आणि मग दुधासाठी परत उघडावं लागलं म्हणून स्वतःवरच चरफडली.

आदळायचा तो लोखंडी दांडा. घरातल्या तिसऱ्या, सगळ्यात लहान खोलीत तिचं रॅक होतं: चार उभे खांब, माणूस आत उभा राहील एवढा पिंजरा, खांबांना ओळीने भोकं, भोकांत अडकवलेले दोन हुक, हुकांवर आडवा दांडा आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना वजनाच्या तबकड्या. दांड्याखाली शिरून तो खांद्यांवर घ्यायचा, हुकांतून उचलायचा, पाऊल मागे टाकायचं आणि बैठका मारायच्या. चाळिशीला डॉक्टरने हाडांबद्दल काहीबाही घाबरवलं तेव्हापासून आठ वर्षं तिचा हा नेम होता. उजवं टोक हुकातून अलगद सुटायचं. डावं मात्र मागे राहायचं, हुकाच्या ओठाला अडायचं, ती जरा जोर करायची आणि मग ठण्ण. परत ठेवताना पुन्हा डावंच आधी टेकायचं आणि उजवं मागाहून खाली बसायचं. एखाद्या लग्नात दोन विहिणींनी एका वेळी पाटावर बसू नये, तसं त्या दोन टोकांचं चालायचं. बाकी वजन तेच, बाई तीच, सकाळ तीच.

तर आता रॅक बदलायचंच, असं तिने चहाच्या पहिल्या घोटाला ठरवलं आणि दुसऱ्या घोटाला ते तिच्या अंगावर आलं. कारण हे काही तिने पहिल्यांदा ठरवलं नव्हतं. सहा महिन्यांत सहाव्यांदा ठरवत होती. नवऱ्याला सांगितलं तर त्याने पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, “घे की मग.” याच माणसाने पाचही वेळा, त्याच सुरात, ‘घे की मग’ म्हटलं होतं, उद्या ती म्हणाली असती की हत्ती घ्यायचाय, तरी तो म्हणाला असता घे की मग, आणि हत्ती दारात आल्यावर विचारलं असतं, हा कुणाचा? परगावी असलेल्या मुलीचं मत, “आई, सरळ बाहेरच्या जिमला जा ना.” हिला आईने घरातल्या लोखंडाशी एकटीने काय मांडलंय ते कधी कळलंच नाही. आणि मोबाइलवर तर परक्या लोकांची जत्रा. कुणी म्हणे खांब तीन इंचीच हवेत, कुणी म्हणे दोन इंची पुरतात, कुणी म्हणे जुनं आहे ते मोडेपर्यंत वापरा, आणि एक जण प्रत्येक प्रश्नाखाली एवढंच लिही की मुळात रॅकच लागत नाही. वाचून वाचून तिला सगळ्यांचं पटायचं, आणि मग कुणाचंच पटायचं नाही. दुकानदाराने तर पिच्छाच पुरवला होता. हुकांना आतून जाड प्लास्टिक, मॅडम, आवाजच नाही. भोकं जवळजवळ, मॅडम. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी, “फक्त फ्लोअर समतल आहे ना, तेवढं चेक करून सांगा, मग बुक करतो.” पाच वेळा त्याने विचारलं आणि पाच वेळा तिने बघून सांगते म्हटलं. बघितलं एकदाही नाही.

का बघितलं नाही, याचं खरं उत्तर तिला ठाऊक होतं आणि म्हणूनच ती चिडत होती. ते रॅक दादाने केलं होतं. तिचा थोरला भाऊ, लोखंडी कामाचा कारखाना असलेला. आयुष्यभर जिने, गजाची दारं, कठडे करत आलेला माणूस. विकतचं नको म्हणाला, मी करतो. तेव्हा ते जुन्या घरात राहत. मागची कपडे धुवायची पडवी भिंती घालून बंद केलेली, तीच तिची व्यायामाची खोली. दादा दोन रविवार तिथे जमिनीवर आडवा पडून काय काय मोजत होता. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून त्याला बघत होती, आणि पुढे रोज सकाळी तिला बघत बसायची. बैठका मोजायचं काम आईने आपल्याकडे घेतलं होतं. मोठ्याने मोजायची आणि मोजता मोजता खिडकीबाहेर लक्ष गेलं की चुकायची: तीन, चार, पाच, पाच, सहा. तिने आईला कधी दुरुस्त केलं नाही. एक जास्त घालायची. कधीकधी आईच्या हातातून औषधाची गोळी सुटून जमिनीवर पडायची, तेव्हा शोधायला लागत नसे. गोळी आपणहून गडगडत डाव्या कोपऱ्यात, जुन्या मोरीच्या तोंडाशी जाऊन थांबायची. आई म्हणायची, बघ, शहाणी आहे, पळून जात नाही.

मग ते शेवटचं वर्ष. आई अंथरुणाला खिळली. पलंगावरून उठवायची, खुर्चीत बसवायची, न्हाणीत न्यायची, परत आणायची, सगळं तिच्या अंगावर. भिंतीकडे पलंग असल्यामुळे आईला डाव्या बाजूनेच उचलावं लागे. डावा हात आईच्या पाठीखाली, आईचं सगळं ओझं डाव्या खांद्यावर. दादा यायचा रविवारी. यायचा आणि बसायचा नाही. कधी पलंगाला धरायचा दांडा लाव, कधी न्हाणीपर्यंत कठडा लाव, कधी दाराच्या उंबऱ्याला उतार कर. आईजवळ दहा मिनिटं बसून तिचा हात हातात घेईल, तर नाव नको. आई गेल्यानंतर तेराव्या की चौदाव्या दिवशी, कुठल्यातरी फुटकळ गोष्टीवरून, ती त्याला म्हणाली, “तुला माणसापेक्षा लोखंड बरं. आईला उचललं कुणी? मी. माझा खांदा गेला तुझ्यापायी.”  दादाने पिशवी उचलली आणि तो गेला. दोनच महिन्यांनी त्यांनी घर बदललं, ते तिने त्याला फोनवर बदलून झाल्यावर सांगितलं. रॅक सामान हलवणाऱ्या माणसांनी सुटं केलं आणि इथे पुन्हा जोडलं. त्याच महिन्यापासून डावं टोक आदळायला लागलं होतं.

खांदा गेला, हे तिने तोंडातून काढलं तेव्हा रागात काढलं होतं. नव्या घरात मात्र रोज सकाळी त्याचा पुरावा मिळायला लागला. डावी बाजू मागे राहते म्हणजे डावी बाजू कमजोर. सरळ हिशेब. हाडांच्या डॉक्टरने हात सगळ्या बाजूंनी फिरवून, फिल्म उजेडात धरून सांगितलं, “काहीही झालेलं नाही, खांदा उत्तम आहे.” तिला त्या डॉक्टरचा इतका राग आला की पुन्हा त्याच्याकडे गेली नाही. काही झालेलं नाही म्हणे! याला काय माहीत काय झालंय? मग तिने स्वतःच उपाय काढला. रोजच्या बैठका झाल्या की फक्त डाव्या हाताने डंबेल, फक्त डाव्या पायावर चढउतार, दहा जास्त, मग पंधरा, मग वीस. तीन वर्षं. आणि रोज दांडा आदळला की मनात एक बारीक, कडू समाधान यायचं, की बघ, अजून आहे. तिला ते समाधान आवडायचं, हे तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. नवं रॅक घेतलं, हुकांना प्लास्टिक आलं, आवाज बंद झाला, तर मग हा पुरावाही गेला, आणि दादाने केलेली शेवटची वस्तूही घरातून गेली. म्हणून पाच वेळा ठरवून पाच वेळा मोडलं. आता प्राध्यापकांच्या कुतूहलाने ते पुन्हा उकरून काढलं होतं.

ती चष्म्यांच्या दुकानात मागच्या बाजूला बसायची. भिंगं घासून फ्रेममध्ये बसवणं आणि तयार चष्मा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर नीट करून देणं, हे तिचं पंचवीस वर्षांचं काम. त्या दिवशी दुपारी एक गृहस्थ परत आले. कालच नेलेला चष्मा त्यांनी काउंटरवर उलटा ठेवला आणि बोटाने टेकवून दाखवला. “हे बघा. डुगडुगतोय. तुम्ही वाकडा केलाय.” सकाळपासून फणफणलेली ती म्हणाली, “घाला बरं डोळ्यांवर.” त्यांनी घातला. आरसा पुढे केला. “सरळ दिसतोय?” गृहस्थ म्हणाले, “दिसतोय खरा.” “तुमचा उजवा कान डाव्यापेक्षा वर आहे. बहुतेकांचा असतोच. टेबलावर सरळ बसणारा चष्मा केला तर तो तुमच्या तोंडावर वाकडा बसेल. कुठे घालायचाय तुम्हाला, टेबलाला?” गृहस्थ कान चाचपत गेले. मालक पडद्याआडून म्हणाला, “अहो, जरा गोडीने.” तिने तोंडावरची माशी उडवावी तसं ते उडवलं आणि घरी जाताना ठरवलं, आज फरशी बघायचीच.

स्वयंपाकघराच्या खणात दादाची समतल बघायची एक वीतभर पातळी होती, आईचा कठडा लावायला आणलेली आणि विसरून राहिलेली. आत हिरवट पाणी आणि त्यात एक बुडबुडा. तिने ती फरशीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. दुसरीकडे ठेवली, मध्ये. झालं, सांगून टाकावं दुकानदाराला, समतल आहे, करा बुक. उठता उठता तिने पातळी सहज दांड्यावर ठेवली आणि बुडबुडा सरकत डावीकडे जाऊन टेकला. पातळी उलटी करून ठेवली. पुन्हा डावीकडे. दांड्याचं डावं टोक वर होतं. आधी तिला नीट कळेना, मग कळलं आणि कानशिलं तापली. म्हणजे डावी बाजू मागे राहत नव्हती. डावा हुकच उंच होता. डाव्या टोकाला सुटायला जास्त वर जावं लागत होतं, एवढंच. दादाने वाकडं रॅक केलं होतं! जन्मभर लोकांचे जिने सरळ करणाऱ्या माणसाने सख्ख्या बहिणीला वाकडं रॅक करून दिलं, आणि ती तीन वर्षं स्वतःला दुरुस्त करत बसली. तिने तिथूनच फोन लावला. तीन वर्षांत कामापुरतं बोलणं होतं त्यांचं. कसा आहेस, बरा आहे, तू, बरी. आज तिने तेही विचारलं नाही.

“दादा, तुझं रॅक वाकडं आहे.”

 “माझं रॅक वाकडं नसतं गं.”

“मग ये आणि बघ. तुझ्याच पातळीने बघ.”

“रविवारी येतो,” तो म्हणाला. पुन्हा रविवार. तिने फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, “अहो, नवं रॅक घेतेय मी. यावेळी खरंच.” नवरा म्हणाला, “घे की मग.”

रविवारी तो आला. केस बरेच पांढरे झाले होते, पिशवी तीच, कॅनव्हासची, पट्टा शिवून शिवून जाड झालेला. नव्या घरात तो पहिल्यांदा येत होता आणि तिने त्याला घर दाखवलं नाही, सरळ तिसऱ्या खोलीत नेलं. दांड्यावर पातळी ठेवून बाजूला उभी राहिली, शाळेत मास्तरांना चूक दाखवणाऱ्या पोरीसारखी. त्याने बुडबुड्याकडे बघितलं. मग पातळी उचलून फरशीवर ठेवली. मग खाली बसला, आडवा झाला, गाल फरशीला टेकवून खांबांच्या पायांकडे बघितलं. टेप काढून मोजलं. पुन्हा मोजलं. आणि पडल्या पडल्याच म्हणाला, “ही फरशी सपाट आहे.”

“मग? फरशी सपाटच असते.”

“तिथली नव्हती. धुवायची पडवी होती ना ती. पाणी जायला मोरीकडे उतार होता.” तो उठून बसला, हात झटकले. “डावे दोन्ही पाय बारा मिलिमीटरनं लांब ठेवले होते. तिथं दांडा पाण्यासारखा सरळ बसायचा. आठवत नाही तुला? आईच्या गोळ्या कुठे जायच्या?”

तिला गोळ्या आठवल्या. फरशीवरून गडगडत जाणारी पांढरी गोळी, आई हसतेय, बघ शहाणी आहे. पाच वर्षं त्या खोलीत तिने बैठका मारल्या आणि एकदाही आवाज झाला नव्हता, हेही आता आठवलं. तेव्हा कधी लक्षात आलं नाही, कारण न झालेल्या आवाजाकडे कोण लक्ष देतं. घर विकलं, फरशी राहिली तिथेच, आणि तिचा उतार मात्र चार खांबांच्या पायांत इथवर आला. “मला सांगितलं का नाहीस?” तिने विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज चिडका यायचा तो आला नाही.

“सांगायचं काय त्यात? बरोबर बसलं होतं ना.” मग पिशवीत काहीतरी शोधत, तिच्याकडे न बघता, “घर बदलताना हाक मारली असतीस, तर दहा मिनिटांचं काम होतं.”

काउंटरवर डुगडुगणारा चष्मा तिच्या डोळ्यांपुढे आला. कुठे घालायचाय तुम्हाला, टेबलाला? पंचवीस वर्षं ती हेच करत होती, वाकड्या चेहऱ्यांना बसतील असे वाकडे चष्मे, आणि भावाने तिच्या वाकड्या फरशीला बसेल असं रॅक केलं तर तिला कळलं नाही. मग एकामागून एक सगळंच आठवायला लागलं, नको असताना. आईचा कठडा. तो पलंगाजवळ बुटका होता आणि न्हाणीकडे उंच होत गेला होता, आणि तिने तेव्हा मनात म्हटलं होतं, धड सरळ लावतासुद्धा आला नाही. पलंगाजवळ आई बसल्या जागेवरून धरायची. न्हाणीजवळ उभी असायची. दादा त्या रविवारी आईचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ बसला होता खरा, पण टेप लावून, कोपरापर्यंत मोजत. तिला फक्त टेप दिसली होती. तिला स्वतःचा भयंकर संताप आला, आणि जरासा त्याचाही, कारण तोंड असून माणसाने काही म्हणजे काही बोलू नये याला काय अर्थ आहे?

त्याने पिशवीतून सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचे चार तुकडे काढले. ती बघत राहिली. फोनवर वाकडं आहे एवढं ऐकून त्याने येताना तुकडे कापून आणले होते. “किती वाकडं आहे ते कळायच्या आधीच?” तिने विचारलं. “डावीकडे वर आहे असं काही म्हणाली नाहीस, पण दुसरं काय असणार?” तो म्हणाला. म्हणजे त्याला फोनवरच कळलं होतं. वजनं उतरवली, नवऱ्याला हाक मारली. नवऱ्याने पिशवीतल्या लहान पहारीने रॅक जरा उचलून धरलं, आणि आठ वर्षांत प्रथमच त्या रॅकला हात लावून म्हणाला, “जड आहे की हे.” उजव्या पायांखाली दोन दोन तुकडे गेले. दांड्यावर पातळी ठेवली. बुडबुडा हलला, डुलला आणि मध्ये येऊन थांबला. वजनं परत चढवली.

“उचल आता,” दादा म्हणाला.

ती दांड्याखाली शिरली. खांदे टेकवले, श्वास घेतला, उभी राहिली. डावं टोक अलगद सुटलं, वर गेलं. उजवं मागे राहिलं, हुकाच्या ओठाला अडलं. ठण्ण.

नवरा म्हणाला, “हे आता इकडून वाजलं.” आणि हळूच बाहेर सटकला. दादा पुन्हा खाली वाकून तुकडे बघायला लागला, बोटाने चाचपायला लागला. “सरळ आहे,” तो पुटपुटला. “सरळच आहे. मग का?” तिने दांडा परत ठेवला. पिंजऱ्यातून बाहेर यायच्या ऐवजी ती दांड्यावर कपाळ टेकून उभी राहिली. लोखंड गार होतं. सांगावं लागणार होतं, दुसरा उपाय नव्हता.

“रॅक सरळ आहे,” ती म्हणाली. “मी तिरकी झालेय. तीन वर्षं डाव्या बाजूला जास्त व्यायाम देतेय. मला वाटलं डावा खांदा गेला. आईला उचलून.”

दादा उठून उभा राहिला.

“तुझ्यापायी गेला, असं धरून बसले होते मी. रोज सकाळी. आवाज झाला की वाटायचं, बघ.” तिने दांड्यावरून कपाळ उचललं. “डॉक्टरने सांगितलं काही झालं नाही, तर मी त्याच्याकडे जायचंच सोडलं.”

तो पुढे आला. जोडकाम पक्कं बसलंय का ते बघावं तसा त्याने तिचा डावा खांदा अंगठ्याने दाबून बघितला, वरून, मग मागून. “चांगला भक्कम आहे की,” तो म्हणाला. मग हात तसाच ठेवून, “मला बसवत नव्हतं गं तिथं. आईकडे नुसतं बघत. हाताला काम असलं की बरं वाटायचं.” एवढं बोलून तो दमला. तिला वाटलं, हे एक वाक्य तीन वर्षांपूर्वी बोलला असता तर. पण तिने तरी कुठे विचारलं होतं. तिने ठणकावून सांगितलं होतं.

फोन वाजला. दुकानदार. रविवारीसुद्धा. “मॅडम, फायनल करू का? फक्त फ्लोअर समतल आहे ना?”

“फ्लोअर समतल आहे,” ती म्हणाली. “रॅक नको.”

“मॅडम, काही प्रॉब्लेम?”

“आहे. पण तो तुमच्याकडे मिळत नाही,” ती म्हणाली आणि फोन बंद केला. दादा विचारत होता, तुकडे काढू का, तुझ्या अंगाला जमेल तसं डावीकडे परत वर करून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. याने खरंच केलं असतं ते. तिच्या वाकडेपणाला बसेल असं रॅक पुन्हा करून दिलं असतं, एक शब्द न बोलता. “राहू दे,” ती म्हणाली. “मीच सरळ होईन.”

“किती दिवस लागतील?”

“वाकडं व्हायला तीन वर्षं लागली.”

“मग बघायला यायला लागेल,” तो म्हणाला, आणि आणखी काही काम आहे का ते खोलीभर बघून, काहीच नाही असं बघून, शेवटी भिंतीशी पडलेल्या खुर्चीत बसला. दोन्ही हात रिकामे, गुडघ्यांवर. ती पुन्हा दांड्याखाली शिरली. खाली प्राध्यापक दुपारची झोप काढत असतील. त्यांना चिठ्ठी लिहायला हवी, आणि काय लिहायचं ते अजून सुचत नव्हतं. उजवा हुक वाजला. ती मागे सरकली, बसली, उठली.

“एक,” दादा म्हणाला. त्याचे डोळे तिच्याकडे नव्हते. दांड्याच्या टोकांवर होते, डावं, उजवं, डावं. “दोन. तीन. चार. पाच.” ती बसली, उठली. “पाच.”

तिने दुरुस्त केलं नाही. एक जास्त घातली.